३ मीटरचा लाकडी ग्लायडर: टेबलापासून खाचरापर्यंत, योग्य क्रमाने

भातकापणी उरकली की बदलापूर, वांगणी, मुरबाडकडची खाचरं रिकामी होतात आणि ठाणे-नवी मुंबईतले हौशी लोक आपापले ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेली, रेडिओने चालवायची मॉडेल विमानं, घेऊन तिकडे निघतात. त्यातले बरेच ग्लायडर पहिल्याच फेकीत नाक मोडून घेतात आणि दोष वाऱ्याला दिला जातो. खरं तर मॉडेल घरीच बिघडलेलं असतं. पंखात पीळ असतो, शेपूट जड असते, नाहीतर सीजी, म्हणजे मॉडेलचा गुरुत्वमध्य, डोळ्यांनी अंदाज घेऊन ठरवलेला असतो. म्हणून या लेखात क्रमावर भर दिला आहे. प्रत्येक टप्प्याला एक तपासणी आहे. ती पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका, मग कितीही घाई असो.

उदाहरणासाठी धरलेलं मॉडेल असं: पंखविस्तार ३ मीटर, मधला १८० सेमी भाग सरळ आणि २२ सेमी रुंद, दोन्ही टोकांचे ६०-६० सेमी भाग निमुळते होत १५ सेमीपर्यंत येणारे. पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ६२ चौरस डेसिमीटर. वजन १.८ किलोच्या आत. नियंत्रण फक्त रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) यांचं. पंखाची खालची बाजू सपाट, क्लार्क वाय नावाच्या छेदाची, कारण असा पंख टेबलावर सरळ बांधता येतो. पहिल्या मोठ्या ग्लायडरला एलरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, लावू नका.

१. टेबल आणि नकाशा

पंखाचा अर्धा भाग दीड मीटरचा असतो. डायनिंग टेबल त्याला पुरत नाही आणि बहुतेक वेळा ते सपाटही नसतं. सगळ्यात सोयीचा म्हणजे फ्लश दरवाजाचा नवा पल्ला. दोन स्टुलांवर आडवा ठेवायचा, काम झालं की भिंतीला उभा करायचा. त्यावर टाचण्या घुसतील असा मऊ सॉफ्ट बोर्ड चिकटवा.

तपासणी: कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा, मग दुसऱ्या कर्णावर. दोरा आणि पल्ला यांत कुठेही १ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर पल्ल्याखाली पाचर द्या किंवा पल्ला बदला. टेबलाचा पीळ जसाच्या तसा पंखात उतरतो.

नकाशा प्लॉटरवर काढून आणल्यावर आधी त्यावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने मोजा. दुकानात ‘फिट टू पेज’ दाबलं गेलं की नकाशा एक-दोन टक्क्यांनी लहान होतो. मग रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ फळ्या, वेगळ्या मापाच्या आणि नकाशा वेगळ्या मापाचा, असा घोळ होतो. नकाशावर पातळ पारदर्शक प्लास्टिक पसरा, म्हणजे फेविकॉलने पंख नकाशालाच चिकटणार नाही.

२. लाकूड निवडणं

इथे पैसे आणि वेळ दोन्ही सढळ हाताने खर्च करा. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची शीट साधारण ७५ मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब मिळते. एकाच जाडीच्या दोन शीटच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक असू शकतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक शीटवर पेन्सिलीने वजन लिहा.

३ मिमीची शीट २५ ग्रॅमच्या आसपास भरली तर ती हलकी. तीच ४० ग्रॅम भरली तर जड आणि कडक. हलक्या शीट शेपटीला आणि पंखाच्या टोकांना वापरा, मध्यम रिबना, आणि जड शीट नाकाकडच्या भागाला. शेपटीत १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात २५ ते ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणून शेपटीसाठी लाकूड निवडताना वजनाच्या बाबतीत कंजूषपणा करावा तेवढा थोडाच.

स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या, भार पेलणाऱ्या पट्ट्या, बाल्साचे करू नका. वखारीतून गाठ नसलेला, सरळ रेषांचा पाईन निवडा आणि सुताराकडून पट्ट्या चिरून घ्या: मधल्या भागासाठी १० × ५ मिमी, टोकांसाठी ५ × ५ मिमी. पट्टीच्या कडेवरच्या रेषांकडे नीट बघा. रेषा कडेपासून कडेपर्यंत तिरकी धावत असेल तर ती पट्टी बाजूला काढा, कारण ताण आला की ती त्याच रेषेत फाटते. प्रत्येक पट्टी दोन्ही हातांत धरून हळू वाकवा. बाक सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी कोन पडत असेल तर तिथे आतून दोष आहे.

सावधान: पावसाळ्यात चिरलेली पट्टी लगेच वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ती ओली असते आणि पंख बांधून झाल्यावर सुकताना वळते. पंख्याखाली आडवी ठेवून नीट सुकू द्या.

३. रिब कापणं

मधल्या भागाच्या सगळ्या रिब एकसारख्या आहेत. ३ मिमी प्लायचे दोन साचे करा, त्यांच्यामध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे ठेवून लांब बोल्टने घट्ट आवळा आणि सगळे एकदम पॉलिश पेपरने घासा. स्पारची खाचही याच वेळी, सगळ्या रिबमधून एकत्रच कापा. एकेक रिब सुटी कापली तर प्रत्येकीत अर्धा मिमी इकडे-तिकडे होतो आणि वरचा पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो.

खाच किंचित घट्ट ठेवा. पट्टी बोटाने दाबल्यावर बसायला हवी. हातोडी लागत असेल तर खाच घट्ट आहे, पट्टी आपोआप पडत असेल तर सैल. सैल खाचेत फेविकॉल भरून काम भागत नाही.

४. पंख बांधणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. क्रम असा ठेवा.

आधी खालचं शीटिंग, म्हणजे पुढच्या कडेपासून स्पारपर्यंतची १.५ मिमी बाल्साची पट्टी, आणि मागच्या कडेची पट्टी नकाशावर टाचण्यांनी बसवा. त्यावर खालचा स्पार चिकटवा. मग रिब, प्रत्येक साडेसात सेंटीमीटरवर आणि प्रत्येक वेळी गुण्या लावूनच. सगळ्यात आतल्या रिबच्या जागी प्लायची रिब घ्या, कारण जोडणीच्या रॉडचा भार तिच्यावर येतो. मग वरचा स्पार.

आता वेब. दोन स्पारांच्या मध्ये, रिब ते रिब, बाल्साचे तुकडे बसवायचे आणि त्यांच्या रेषा उभ्याच असल्या पाहिजेत. तुकडे आडव्या रेषांचे कापले की काम भराभर होतं, म्हणून बरेच जण तसंच करतात. बंजीवर, म्हणजे मॉडेल वर सोडणाऱ्या ताणलेल्या रबरावर, पंख वाकला की आडव्या रेषांची वेब रेषेत फाटते आणि दोन स्पार एकमेकांवरून घसरायला मोकळे होतात. मग पंख मधोमध दुमडतो. वेब प्रत्येक रिबच्या मध्ये घट्ट बसली पाहिजे, फटी ठेवू नका. मधल्या भागात ३ मिमी आणि टोकांकडे १.५ मिमी पुरते. स्पार आणि वेबला फेविकॉलच वापरा आणि रात्रभर सुकू द्या. फेविक्विक झटपट धरतं, पण तो सांधा ठिसूळ असतो. त्याचा उपयोग रिब जागेवर थांबवण्यापुरता. त्या वेळी खिडकी उघडी ठेवा, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

जोडणीसाठी १० मिमीचा भरीव कार्बन रॉड घ्या. त्याची पितळी नळी वरच्या आणि खालच्या स्पारांच्या मध्ये अरल्डाइटने बसवा, पहिल्या तीन-चार रिबमधून आरपार. दोन्ही अर्ध्या पंखांच्या नळ्या एकाच रॉडवर चढवून, सरळ रेषेत धरूनच चिकटवा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या चिकटवल्या तर एक पंख पुढे आणि एक मागे होतो.

टोकाच्या भागाला आतून बाहेर जाताना थोडा पीळ मुद्दाम द्यायचा असतो. मागची कड अगदी टोकाला ५ मिमी वर. यालाच वॉशआउट म्हणतात. त्यामुळे वेग कमी झाला तर पंखाचा मधला भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, आणि मॉडेल नाकावर हळू खाली येतं. टोक आधी स्टॉल झालं तर ते एका बाजूला कोसळतं. हा पीळ वरचं शीटिंग लावण्याआधीच द्यावा लागतो. मागच्या कडेखाली निमुळती पाचर ठेवा, दोन्ही बाजूंना सारख्याच मापाची, आणि त्या अवस्थेत वरचं १.५ मिमी शीटिंग चिकटवा. पुढच्या कडेची ही बंद पेटी एकदा सुकली की पीळ कायमचा पक्का होतो. नंतर वाफ देऊन किंवा वाकवून तो दुरुस्त होत नाही.

टोकाचा भाग मधल्या भागाला १२ अंशांनी वर वळवून जोडा. माप सोपं आहे: मधला भाग टेबलावर सपाट ठेवला की टोक टेबलापासून १२.५ सेमी वर असावं. सांध्यात ३ मिमी प्लायची पट्टी दोन्ही बाजूंना आत गेलेली हवी. रडरने मॉडेल वळतं ते याच कोनामुळे, म्हणून कोन कमी करण्याचा मोह टाळा.

तपासणी: पंख टेबलावरून उचला आणि टोकाकडून मुळाकडे, एक डोळा मिटून बघा. मधल्या भागात मागची कड आणि पुढची कड समांतर दिसली पाहिजे. टोकाला वॉशआउट दोन्हीकडे सारखा हवा. मग दोन्ही अर्धे पंख काट्यावर ठेवा. फरक १० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर हलक्या पंखाच्या टोकात तेवढा तोल भरून निघेल इतका छोटा शिशाचा तुकडा बसवण्याची जागा आत्ताच ठेवा.

५. धड आणि शेपूट

धडाच्या बाजू ३ मिमी हलक्या प्लायच्या पुढे आणि बाल्साच्या मागे. एकदा चिकटवून झाल्यावर वरून बघून सरळपणा तपासा. पंख आणि शेपूट यांच्यात ८० सेमी अंतर आहे, त्यामुळे धड जरासं वाकलं तरी शेपूट बरीच तिरकी होते.

पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ७-८ मिमी उंच बसावी, म्हणजे शेपटीच्या तुलनेत पंख २ अंश वर राहतो. हे माप दोरीने नाही, धड टेबलावर पक्कं ठेवून शेपूट लेव्हलमध्ये आणून पट्टीने घ्या. शेपटीच्या टोकापासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं यायला हवं. मागे उभं राहून पाहिलं तर शेपूट पंखाला समांतर दिसावी.

बंजीचा हुक सीजीच्या १ सेमी पुढे. तो प्लायच्या पट्टीत बसवा आणि मागे-पुढे सरकवता येईल अशी खाच ठेवा.

६. कव्हरिंग

ऑक्टोबरची उन्हं पडली की हे काम करा. हवा कोरडी असते आणि पंखावर इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिक फिल्म नीट बसते. आधी पंखाची खालची बाजू, मग वरची. फिल्मची इस्त्री चिकटवताना १०० अंशांच्या आसपास, ताणण्यासाठी १४० ते १५० अंशांपर्यंत. फिल्मवरच्या सूचना निराळ्या असतील तर त्या पाळा. घरातली कपड्यांची इस्त्री वापरायची असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, तिचा डायल विश्वासाचा नसतो.

एक बाजू ताणून झाली की लगेच दुसरी करा. रात्रभर एकाच बाजूला फिल्म राहिली तर ती पंख वळवते. शेवटी पंखात थोडा पीळ शिल्लक राहिला असेल तर मदतनीसाला पंख उलट बाजूला हलका पिळून धरायला सांगा आणि फिल्मला पुन्हा उष्णता द्या. मागच्या उघड्या भागातला छोटा पीळ असा निघतो. पेटीतला निघत नाही.

तपासणी: कव्हरिंगनंतर पुन्हा डोळा मिटून बघा. ही तपासणी सगळ्यात जास्त विसरली जाते.

७. रेडिओ आणि सीजी

सर्व्हो (रडर-एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हर पंखाच्या खाली, बॅटरी पूर्ण नाकात. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारा पुशरॉड जाताना-येताना कुठेही घासू नये. एलेव्हेटरची हालचाल दोन्ही बाजूंना १२ मिमी, रडरची ३५ ते ४० मिमी. मागून पाहताना उजवीकडे स्टिक म्हणजे रडर उजवीकडे, स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर. हे दोन्ही मोठ्याने बोलून तपासा. उलटा लागलेला सर्व्हो मैदानावर सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो.

फेलसेफ लावा: सिग्नल तुटला तर रडर किंचित एका बाजूला, म्हणजे मॉडेल हळू गोल फिरत खाली येईल, सरळ दूर निघून जाणार नाही. रेंज चाचणी ट्रान्समीटरच्या माहितीपुस्तकातल्या अंतरावर, कमी पॉवरच्या मोडमध्ये करा.

सीजी पुढच्या कडेपासून ७ सेमीवर, म्हणजे रुंदीच्या ३२ टक्क्यांवर. बॅटरी, सर्व्हो, रॉड सगळं लावून, उडायच्या अवस्थेत मोजा. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या रेषेवर बोटं ठेवा. नाक किंचित खाली झुकावं. शिशाची वजनं मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. ती नाकात अरल्डाइटने पक्की करा, टेपने नुसती अडकवू नका. उड्डाणात सुटलेलं शिसं मागे सरकलं की मॉडेल ताबा सोडतं.

८. जागा, परवानगी, वारा

मॉडेल विमानांना २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून जागेचा रंग बघा आणि नोंदणीचे नियम वाचा. हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही.

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतुकीला खुला झाला. त्यामुळे उलवे, पनवेल, खारघर, बेलापूरकडच्या ज्या मोकळ्या जागांवर पूर्वी उडवत होतात, त्या आता गृहीत धरू नका. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे नाही. कोलशेतच्या हवाई दलाच्या तळाजवळ नाही. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या कडेलाही नाही. पक्षी घाबरले की हजारोंचा थवा एकदम उठतो आणि त्यांचं खाणं-विसावणं मोडतं. कळवा-ऐरोली भागात उच्चदाबाच्या तारांचं जाळं आहे, तोही भाग सोडा. म्हणून बदलापूर, मुरबाडकडची खाचरं. शेतमालकाला विचारूनच पाय ठेवा. बऱ्याच ठिकाणी कापणीनंतर वाल किंवा हरभरा पेरलेला असतो, तो तुडवला जाता कामा नये.

दीड मीटरचे दोन पंख ठाण्याहून पहाटेच्या कर्जत लोकलच्या मालडब्यात आरामात जातात. उलट दिशेची गाडी त्या वेळी रिकामी असते. पंखांना नालीदार पुठ्ठ्याची पेटी करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. सकाळी वारा जमिनीकडून, हलका. दुपारी समुद्राकडून वारा वाढतो. पहिली हातफेक सकाळी ८ ते १० दरम्यान, ताशी ८ ते १२ किमी वेगाच्या एकसारख्या वाऱ्यात. अगदी पडलेली हवा नवख्याला अवघड जाते, कारण हे मॉडेल साधारण २४ किमी वेगाच्या खाली तरंगत नाही आणि तेवढा वेग फक्त हाताने द्यावा लागतो. समोरून १० किमी वारा असेल तर १५ किमीची धाव पुरते.

सावधान: १.८ किलोचं मॉडेल उतरताना माणसाला लागलं तर गंभीर इजा होते. खेळणारी मुलं, गुरं आणि बघे मागे राहतील अशीच दिशा निवडा.

९. हातफेक

ट्रान्समीटर हातात असणाऱ्याने फेकू नये. मदतनीस धडाला सीजीजवळ पकडेल, वाऱ्याच्या समोर दोन-चार पावलं धावेल आणि मॉडेल सरळ पुढे ढकलेल. नाक क्षितिजाच्या किंचित खाली. वर फेकलं की वेग संपतो, स्टॉल होतो आणि नाक जमिनीत जातं. पहिल्या दिवशी मोडणाऱ्या मॉडेलांतली बहुतेक याच चुकीने मोडतात. पंख आडवा असतानाच हात सोडायचा, एक टोक खाली असताना नाही.

दोन मीटर उंचीवरून सरळ २५ मीटरच्या आसपास तरंगत गेलं तर ट्रिम, म्हणजे स्टिक सोडल्यावरची रडर-एलेव्हेटरची बारीक जुळणी, जवळ आहे. नाक वर करून डुलत खाली आलं तर एलेव्हेटरचा ट्रिम एकेक क्लिक खाली. सरळ खाली गेलं तर वर. पण एका बाजूला वळत असेल तर रडर ट्रिमला हात लावण्याआधी पंखाचा पीळ पुन्हा बघा. पीळ रडरने लपवलेलं मॉडेल बंजीवर एका बाजूला ओढतं आणि त्या वेळी सावरायला उंची नसते.

खाचरात उतरताना बांधावर नजर ठेवा. धसकटांवर घसरलेलं मॉडेल वाचतं, बांधाला धडकलेलं वाचत नाही. म्हणून बांधाला समांतर उतरवा.

१०. बंजी

३० मीटर रबर आणि १०० मीटर तंगूस, टोकाला कडी आणि छोटं लाल कापड. पुढची खुंटी दीड फूट जमिनीत, वाऱ्याकडे तिरकी. एकूण २५० मीटर सरळ जागा लागते. रबर ओढताना साध्या सामान मोजायच्या हुकाच्या काट्याने ओढ बघा. पहिल्यांदा ४ किलो, नंतर ६ ते ७ किलोपर्यंत. अंदाजाने ओढू नका.

सोडताना नाक थोडं वर, पंख आडवे, वाऱ्याच्या बरोबर समोर. सुरुवातीच्या तीन-चार सेकंदांत एलेव्हेटर ओढायचा मोह आवरा, मॉडेल स्वतःच चढतं. बाजूला झुकलं तर रडरने लगेच सावरा. सावरत नसेल तर नाक खाली करा, कडी सुटते.

सावधान: ताणलेल्या रबराच्या रेषेत कोणी उभं राहू नये. प्रत्येक वेळी खुंटी आणि गाठी हाताने ओढून बघा.

११. डाइव्ह चाचणी

पुरेशी उंची मिळाली की सीजी पक्का करा. सरळ तरंगत असताना ३० ते ४० अंशांची डुबकी द्या, स्टिक सोडा आणि दोन सेकंद बघा. मॉडेल हळूहळू स्वतः वर येत असेल तर सीजी बरोबर. झटकन वर उसळत असेल तर नाक जड, शिसं ५ ग्रॅमने कमी करा. डुबकी अधिक खोल होत गेली तर शेपूट जड आहे. लगेच सावरून उतरवा आणि नाकात वजन वाढवल्याशिवाय पुन्हा सोडू नका. एका वेळी एकच बदल करा, तोही वहीत लिहून. सीजी आणि ट्रिम एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

सकाळी दहा-अकरानंतर घारी गोल फिरताना दिसल्या की त्यांच्या खालच्या बाजूने, पुरेसं अंतर ठेवून मॉडेल न्या. तिथे वर जाणारी गरम हवा असते. उंचीची मर्यादा तेव्हाही तीच.

घरी आल्यावर पंखाच्या मुळाची रिब आणि पितळी नळीचा सांधा बोटाने दाबून बघा. केसाएवढी भेग दिसली तरी अरल्डाइट भरून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. जूनआधी पंख प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवे ठेवा. उभे टेकवून ठेवलेले पंख पावसाळ्यात वळतात. सप्टेंबरनंतर पिशवी उघडल्यावर ते पुन्हा टेबलावर ठेवून पीळ तपासायचा आणि फिल्म सैल पडली असेल तर इस्त्री फिरवायची.